एका नावाचे तीन पेनड्राइव्ह

पेनड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे म्हणजे संगणकाचा कारभार त्याच्या पोटातल्या हार्ड डिस्कवरून काढून खिशात मावणाऱ्या वस्तूवर आणणे. ती वस्तू यूएसबीच्या खाचेत घालून संगणक सुरू केला की प्रोसेसर, रॅम, पडदा आणि कळफलक त्या यंत्राचे वापरले जातात. सिस्टीम, प्रोग्राम आणि कागदपत्रे मात्र वापरणाऱ्याने आणलेली असतात. काम संपवून पेनड्राइव्ह काढला की त्या संगणकातली विंडोज जशी होती तशीच राहते. आज बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यात वापरलेली सिस्टीम उद्या शेगावच्या संगणकावर त्याच खुणा, त्याच फाईली आणि त्याच मराठी कळफलकासह उघडते.

या सोयीबद्दल तालुक्याच्या गावांतल्या दुरुस्तीच्या दुकानांत, संगणक वर्गांत आणि शाळांच्या शिक्षक-खोल्यांत एक ठरीव मत ऐकू येते. पेनड्राइव्हवरची सिस्टीम ‘विंडोज मारायला’ ठीक. रोजच्या कामाला ती धीमी पडते, चार-सहा महिन्यांत उडते, चालू विंडोज बिघडवते, व्हायरस आणते आणि मराठीत कामच होत नाही. म्हणून जुना संगणक भंगारात द्यावा आणि नवा घ्यावा. हे मत बहुतेकांनी पुस्तकात वाचून बनवलेले नाही. त्यामागे पोळलेला अनुभव आहे आणि तो खोटा ठरवण्याचे कारण नाही. अनुभव खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्याची किंमत नेमकी ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून वसूल होते.

ही किंमत आता वाढली आहे. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची जी वाढीव मुदत मिळाली तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद सोडले तर, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. मुलाच्या डिप्लोमासाठी २०१४ साली घेतलेला, चार जीबी रॅमचा, पडदा आणि कळफलक धड असलेला लॅपटॉप या यादीत बसत नाही. कपाशी, सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या घरात नवा संगणक हंगाम पाहून घेतला जातो. अशा घराला ‘हा टाकून द्या’ असा सल्ला देण्याआधी, सल्ला देणाऱ्याने तो संगणक खरोखर निकामी आहे की नाही हे तपासले पाहिजे.

गोंधळाचे मूळ नावात आहे. ‘बूटेबल पेनड्राइव्ह’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी वावरतात.

पहिली गोष्ट म्हणजे इन्स्टॉलर. रुफस किंवा व्हेंटॉयसारख्या साधनाने आयएसओ फाईल पेनड्राइव्हवर उतरवली की तो तयार होतो. त्याचे काम दुसऱ्या डिस्कवर सिस्टीम बसवण्यापुरतेच असते. दुरुस्तीवाल्याच्या खिशात असतो तो हाच, आणि ‘तात्पुरता’ हा शब्द त्याला शोभतो.

दुसरी म्हणजे लाइव्ह सिस्टीम. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली क्नॉपिक्स काढले तेव्हा सातशे एमबीच्या सीडीवर सुमारे दोन जीबीची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम दाबून बसवली होती. सीडीवर लिहिता येत नाही, त्यामुळे सिस्टीमचा मूळ गठ्ठा केवळ वाचण्यापुरता ठेवला आणि होणारे बदल रॅममध्ये घेतले. आजची लाइव्ह लिनक्स याच तत्त्वावर चालते. छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा माराव्यात तसा हा प्रकार आहे. रेघा वरच्या कागदावर पडतात आणि दिसताना नकाशाचाच भाग दिसतात. हे दोन थर एकत्र दाखवणारी ओव्हरलेएफएस ही यंत्रणा २०१४ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच, आहे. संगणक बंद केला की कागद फेकला जातो आणि दुसऱ्या दिवशी नकाशा कोरा मिळतो. कागद जपून ठेवायचा असेल तर पेनड्राइव्हवर त्यासाठी वेगळी फाईल किंवा विभाग राखावा लागतो. याला पर्सिस्टन्स म्हणतात.

बहुतेक कहाण्या इथेच बिघडतात. उत्साही विद्यार्थी पर्सिस्टन्स असलेला लाइव्ह पेनड्राइव्ह करतो आणि तो घरचा कायमचा संगणक समजून वापरू लागतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असल्याने बदलांची फाईल चार जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. महिनाभराने तो सगळे अपडेट चढवतो. खालच्या गठ्ठ्यातले जुने प्रोग्राम पुसले जात नाहीत, ते फक्त झाकले जातात, आणि नव्यांची भर वरच्या कागदावर पडते. कर्नलची अडचण तर वेगळीच आहे. संगणक सुरू होताना कर्नल मूळ गठ्ठ्याशेजारच्या जुन्या प्रतीतून उचलला जातो, म्हणून वर चढवलेला नवा कर्नल बहुधा कामालाच येत नाही. जागा मात्र तोही खातो. चार जीबी भरले की एक दिवस पडदा काळा राहतो आणि ‘पेनड्राइव्हवरची सिस्टीम टिकत नाही’ हे मत आणखी एका घरात पक्के होते. न टिकलेली ती वस्तू कायमच्या वापरासाठी केलेलीच नव्हती.

तिसरी गोष्ट म्हणजे पूर्ण स्थापना. इथे पेनड्राइव्हला हार्ड डिस्क मानूनच सिस्टीम बसवली जाते. दाबलेला गठ्ठा नाही, वरचा कागद नाही. अपडेट आले की जुन्या फाईली खरोखर पुसल्या जातात, नवा कर्नल बसतो आणि पुढच्या वेळी तोच सुरू होतो. अशी लिनक्स एका संगणकावरून दुसऱ्यावर सहज जाते. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच असतात, समोर आलेले यंत्र पाहून हवे ते चढवले जातात, आणि आपली डिस्क ती जागेवरून नव्हे तर विभागाच्या ओळख-क्रमांकावरून शोधली जाते. काही ब्रॉडकॉम वाय-फाय चिपा आणि एनव्हिडियाची ग्राफिक कार्डे मात्र अडवतात. अशा वेळी मोबाईलचे इंटरनेट केबलने जोडून ड्रायव्हर उतरवावा लागतो.

आता वेगाचा आक्षेप. तो पुसून टाकता येत नाही, पण जागेवर ठेवता येतो. २००० साली आलेल्या यूएसबी २.०ची कागदावरची कमाल सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात हाती येतात तीस-पस्तीस मेगाबाइट. २००८च्या यूएसबी ३.०ने ही मर्यादा पाच गिगाबिटवर नेली. ही खाच बहुधा आतल्या निळ्या पट्टीवरून ओळखू येते. पण खाच निळी असली तरी स्वस्त पेनड्राइव्ह धीमाच राहतो, कारण वेष्टनावर छापलेला वेग सलग एक मोठी फाईल वाचण्याचा असतो. ऑपरेटिंग सिस्टीम दिवसभर बारीक-बारीक तुकडे इकडेतिकडे लिहीत असते. फ्लॅश चिपमध्ये लहानसा तुकडा बदलायलाही मोठा ठोकळा पुसावा लागू शकतो आणि स्वस्त पेनड्राइव्हमधल्या नियंत्रकाची तेवढी कुवत नसते. ब्राउझर मिनिटभर थिजतो तो यामुळे.

याला उपाय आहे आणि तो विदेशातून मागवावा लागत नाही. अडीच इंची साटा एसएसडी यूएसबी ३.०च्या डबीत घातली की तीच ‘पेनड्राइव्ह’ होते. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साधारण शंभराच्या आतबाहेर वाचते. साधी एसएसडी हजारोंनी वाचते. म्हणजे निळी खाच असलेल्या २०१४च्या लॅपटॉपवर बाहेर लटकणारी सिस्टीम त्याच्या पोटातल्या सिस्टीमपेक्षा चपळ चालते. ‘बाहेरचे ते धीमे’ हा समज इथे उलटा पडतो. फक्त जुन्या खाचा असलेल्या संगणकावर हा फायदा अर्धवट मिळतो, हेही सांगायला हवे.

टिकाऊपणाचा हिशोब आकड्यांत मांडला की भीतीचे माप कळते. आजच्या साध्या पेनड्राइव्हमधली टीएलसी प्रकारची फ्लॅश पुसण्या-लिहिण्याच्या हजाराच्या आसपास फेऱ्या सोसते असे धरले, तर ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर सिद्धांताने ३२ टीबी लेखन होऊ शकते. रोज पाच जीबी लेखन धरले तरी ही सतरा वर्षे झाली. पण लहान तुकड्यांपायी चिपवर प्रत्यक्ष लेखन दहापट होते असे मानले, तर सतरा वर्षांची पावणेदोन होतात. त्यात झीज सगळीकडे सारखी पसरवणारी यंत्रणा निकृष्ट असेल तर काही महिनेही पुरत नाहीत. दुकानदाराचा अनुभव या शेवटच्या पायरीवरचा आहे. त्याने पायऱ्या मोजलेल्या नसतात, एवढेच.

लेखन कमी करणे वापरणाऱ्याच्या हातात आहे. फाईल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ अधूनमधून नोंदवली जाते. ‘नोएटाइम’ हा पर्याय लावला की ती नोंद थांबते. तात्पुरत्या फाईली आणि ब्राउझरचा साठा रॅममध्ये ठेवता येतो. स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची जागा, पेनड्राइव्हवर न ठेवता झेडरॅम वापरले की रॅममध्येच दाबून जागा मिळते. बॅरी काउलर यांनी २००३ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेली पपी लिनक्स याच्याही पुढे जाते. ती पूर्ण रॅममध्ये चढते आणि पेनड्राइव्हवर ठरावीक अंतराने किंवा बंद करतानाच लिहिते. एक-दोन जीबी रॅमच्या खरोखर जुन्या संगणकाला तिच्याइतका आधार क्वचितच कुणी देते.

बाजारातली खोटी क्षमता हा वेगळा आणि अधिक संतापजनक विषय आहे. एक-दोन टीबीचे म्हणून मातीमोल भावात विकले जाणारे पेनड्राइव्ह आत आठ-सोळा जीबीचे निघतात. नियंत्रक खोटी क्षमता सांगतो आणि जागा संपली की नवी माहिती जुन्यावर लिहितो किंवा हरवतो. सिस्टीम बसवताना सारे सुरळीत दिसते, पंधरा दिवसांनी फाईली सडतात आणि दोष लिनक्सच्या माथी येतो. एफथ्री किंवा एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत प्रोग्राम पेनड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात. बिल देण्याआधी नाही तर निदान सिस्टीम बसवण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. विद्यार्थ्याच्या हाती खोटा पेनड्राइव्ह देणे ही फसवणूक आहे आणि तिला ‘पेनड्राइव्ह असेच असतात’ म्हणून पांघरूण घालता कामा नये.

नांदुऱ्यासारख्या ठिकाणी झिजेपेक्षा मोठा शत्रू वेगळाच आहे, तो म्हणजे लाईट जाणे. यूपीएसची बॅटरी बसलेला डेस्कटॉप आणि मधूनच तुटणारा पुरवठा अशा जोडीत कोणतीही डिस्क बिघडू शकते. ईएक्सटी४ या फाईल-पद्धतीत नोंदवहीची सोय असल्याने ती बहुतेक वेळा सावरते. पण स्वस्त पेनड्राइव्हचा नियंत्रक लिहिता लिहिता बंद पडला तर नोंदवहीही वाचवू शकत नाही. म्हणून शाळेच्या किंवा संगणक वर्गाच्या डेस्कटॉपसाठी पूर्ण स्थापनेचा हट्ट धरणे बरोबर नाही. तिथे कोरी लाइव्ह सिस्टीम हवी. मूळ गठ्ठ्यावर कधीच लिहिले जात नसल्याने दिवसात दहा वेळा लाईट गेली तरी अकराव्या वेळी संगणक तसाच सुरू होतो. मुलांनी काही बिघडवले तर बंद करून चालू केले की झाले. फॉरमॅट मारायला कुणाला बोलवावे लागत नाही. कामाच्या फाईली तेवढ्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवाव्या लागतात. याउलट मलकापूर, खामगाव किंवा शेगावला रोज अप-डाउन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. त्याला पूर्ण स्थापनाच योग्य. त्याची बॅटरीही बसलेली असेल तर पपी. कोणता प्रकार उत्तम हा प्रश्न जागेशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

शाळेत असले काही चालत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात या वस्तीवरच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ साली, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा प्रकल्प नाकारला होता. खैरातच्या मुलांच्या हातात आलेल्या एक्सओ लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच. २५६ एमबी रॅम आणि एक जीबीची फ्लॅश चिप, एवढ्यावर लिनक्स आणि मुलांसाठी केलेले शुगर हे दर्शनी रूप चालत होते. फ्लॅशवर चालणारी सिस्टीम ‘तात्पुरती’ असते असे म्हणणाऱ्यांनी या यंत्राची रचना पाहावी. पुढे याच प्रकल्पातले वॉल्टर बेंडर यांनी स्थापन केलेल्या शुगर लॅब्सने २००९ साली ‘शुगर ऑन अ स्टिक’ काढले. वेगळा लॅपटॉप न घेता शाळेत आहे त्या संगणकावर, एक जीबीच्या पेनड्राइव्हवरून तेच वातावरण उघडावे, आणि मुलाने आपले काम पेनड्राइव्हसह घरी न्यावे, हा त्यामागचा विचार होता. महागडे यंत्र प्रत्येकाला देता येत नाही, पण पेनड्राइव्ह देता येतो, हे गणित नांदुऱ्यालाही तितकेच लागू आहे. लिनक्स शाळांना पेलत नाही या समजाला केरळने तर केव्हाच उत्तर दिले आहे. २००१ साली सुरू झालेला आणि २०१७ पासून काइट या नावाने चालणारा तिथला सरकारी उपक्रम शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करतो. सी-डॅकने २००७ पासून काढलेली बॉस ही डेबियनवर उभी असलेली भारतीय लिनक्सही आहेच.

पुढचा युक्तिवाद जरा जाणकारांचा असतो. मायक्रोसॉफ्टने स्वतः ‘विंडोज टू गो’ काढले आणि स्वतःच बंद केले, मग यात काय राम असणार? विंडोज टू गो २०१२ साली विंडोज ८च्या एंटरप्राइझ आवृत्तीत आले. ठरावीक प्रमाणित पेनड्राइव्हवरच त्याला आधार मिळे. चालू असताना पेनड्राइव्ह निघाला तर सिस्टीम गोठून साठ सेकंद वाट पाहत असे आणि तेवढ्यात तो परत घातला तर काम पुढे चालू होई. मे २०२०च्या विंडोज १० आवृत्तीतून ते काढले. मायक्रोसॉफ्टने दिलेली कारणे दोन होती: त्यावर मोठ्या आवृत्तीचे अपडेट चढत नव्हते, आणि लागणाऱ्या खास पेनड्राइव्हचा आधार अनेक कंपन्यांनी सोडला होता. दोन्ही कारणे विंडोजच्या रचनेची आणि त्या योजनेच्या अटींची आहेत. पूर्ण स्थापनेतल्या लिनक्सवर एका आवृत्तीतून दुसरीत जाता येते आणि पेनड्राइव्ह कोणत्याही कंपनीचा चालतो. एका दुकानाने माल ठेवणे बंद केले म्हणून तो माल वाईट ठरत नाही.

‘माझी विंडोज बिघडली’ ही तक्रार सगळ्यात गंभीर आहे आणि तिच्यात तथ्यही सर्वांत जास्त आहे. उबुंटू या लिनक्सच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये एक दोष वर्षानुवर्षे राहिला. सिस्टीम पेनड्राइव्हवर बसवायला सांगितली, बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठीही, पेनड्राइव्हच निवडला, तरी जुन्या बायोसऐवजी यूईएफआय असलेल्या संगणकांत बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात जाऊन बसे. परिणामी पेनड्राइव्ह काढला की विंडोजऐवजी ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा काळा पडदा दिसे आणि तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर सुरूच होत नसे. ज्याच्या घरी हे घडले त्याने ‘पुन्हा नाही’ म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. पण हा इन्स्टॉलरचा दोष आहे आणि तो टाळण्याचा मार्ग सरळ आहे.

दोन पेनड्राइव्ह घ्यावेत, एक इन्स्टॉलरचा आणि एक सिस्टीम बसवायचा. उतरवलेल्या आयएसओचा एसएचए-२५६ ठसा मूळ ठिकाणी दिलेल्या चौसष्ट अक्षरांशी ताडून पाहावा. अर्धवट उतरलेली फाईल पुढे दहा रोग निर्माण करते. मग आतल्या हार्ड डिस्कची केबल काढावी किंवा बायोसमध्ये तिची खाच बंद करावी. डिस्क दिसतच नसेल तर तिच्यावर चुकून काही लिहिले जाणार नाही. या एका कृतीने निम्मे अपघात टळतात. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच संगणकांवर एफ१२ आणि एचपीवर एफ९ दाबले की कशावरून सुरू करायचे ते विचारले जाते. पेनड्राइव्हवर जीपीटी पद्धतीने तीन विभाग करावेत. जुन्या बायोससाठी एक एमबीचा ग्रबचा विभाग, यूईएफआयसाठी पाचशे एमबीचा एफएटी३२ विभाग आणि उरलेल्या जागेत ईएक्सटी४. ग्रब दोन्ही प्रकारे बसवावा आणि यूईएफआयसाठी बसवताना ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यावा. अनोळखी संगणक बाहेरच्या डिस्कवर ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात बूटएक्स६४ नावाची फाईल शोधतो, आणि हा पर्याय बूटलोडर नेमका तिथे ठेवतो. एवढे केले की २००९चा डेस्कटॉप आणि २०२३चा लॅपटॉप दोघेही तोच पेनड्राइव्ह ओळखतात. शेवटी आतली डिस्क पुन्हा जोडावी.

वापरतानाही तीन गोष्टी माहीत असाव्यात. विंडोज बंद करताना फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ती अर्धवट झोपलेली असते. तशा अवस्थेत तिच्या विभागावर लिहिले तर फाईली बिघडू शकतात, म्हणून ती सोय आधी बंद करावी. बिटलॉकर चालू असलेल्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट किंवा सुरुवातीचा क्रम बदलला की विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती किल्ली हाताशी असल्याशिवाय बायोसला हात लावू नये. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन १०पासून पुढच्या आवृत्त्या सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात, त्यामुळे बहुधा तशी वेळ येत नाही. तिसरी गोष्ट निरुपद्रवी असली तरी घाबरवते. लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक, म्हणून परत विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की हे थांबते. त्यासाठी संगणकाच्या घड्याळाचा सेल बदलण्याची गरज नसते.

व्हायरसच्या भीतीचे मूळ शॉर्टकट व्हायरसमध्ये आहे. सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डर लपलेले असतात आणि त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात. ते उघडले की विंडोजवर घातक प्रोग्राम चालतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केली तर त्या दुकानातली विंडोज चालूच होत नाही आणि तो शॉर्टकट लिनक्सवर निर्जीव असतो. बँकेचे किंवा प्रवेश-अर्जाचे काम दुसऱ्याच्या संगणकावर करणे भाग असेल तर हा मार्ग त्या संगणकाच्या विंडोजपेक्षा सुरक्षित आहे. कळफलकाच्या तारेत बसवलेले चोर-यंत्र मात्र यानेही अडत नाही. रेल्वेत पेनड्राइव्ह हरवला तर काय, हा प्रश्नही रास्त आहे; बसवताना लक्स पद्धतीने पूर्ण विभाग कुलूपबंद केला तर सापडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तसेच, बाहेरून सुरू केलेली सिस्टीम त्या संगणकाच्या कुलूप नसलेल्या फाईली वाचू शकते. म्हणून कॉलेजच्या किंवा कॅफेच्या यंत्रावर ती मालकाच्या परवानगीनेच सुरू करायची.

मराठी होत नाही, हा आक्षेप आज निव्वळ अज्ञानातून येतो. लोहित आणि नोटो हे देवनागरी फॉन्ट बहुतेक लिनक्समध्ये आधीपासून असतात किंवा दोन मिनिटांत बसतात. इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून निवडता येतो. उच्चारानुसार टंकन करणाऱ्यांसाठी आयबस आहे. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांचे मेनूही मराठीत मिळतात. लिनक्सची शिकवणी मराठीतूनच घ्यायची तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात ती मराठी आवाजात उपलब्ध आहे. अडते ते जुन्या दस्तऐवजांत. शिवाजी, कृतीदेव किंवा श्रीलिपीत टंकलेली फाईल युनिकोडमध्ये नसते. तिच्यात इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी आकार असतात, आणि तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन अक्षरे दिसतात. हीच फाईल तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तशीच दिसते. परिवर्तकाने एकदा युनिकोडात आणली की प्रश्न मिटतो, आणि तो मिटवायलाच हवा, कारण तशा फाईलीत शोधही घेता येत नाही.

विंडोजच लागते अशी कामे आहेत, हे मान्य केल्याशिवाय हा प्रतिवाद प्रामाणिक होणार नाही. संगणक टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेचा सराव, टॅलीवरचा हिशोब, सेवा केंद्रावरच्या डिजिटल स्वाक्षरीच्या काही डोंगलांचे ड्रायव्हर यांसाठी विंडोज ठेवावी. त्यासाठीच तर सिस्टीम बाहेरच्या पेनड्राइव्हवर असणे सोयीचे. आतली विंडोज पुसावी लागत नाही. तिला इंटरनेटपासून दूर, त्या एका कामापुरती ठेवता येते आणि बाकी सगळे, म्हणजे ब्राउझर, पत्रव्यवहार, अभ्यास आणि प्रोग्रामिंग, दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या सिस्टीमवर करता येते.

उरतो तो एकच पेनड्राइव्ह हरवण्या-बिघडण्याचा प्रश्न. सगळी सिस्टीम एकाच वस्तूत असल्याने तिची नक्कलही एका आज्ञेत होते. लाइव्ह सिस्टीमवरून संगणक सुरू करून डीडी या आज्ञेने ३२ जीबीचा पेनड्राइव्ह तितक्याच किंवा मोठ्या दुसऱ्यावर उतरवायला यूएसबी २.०च्या खाचेतून साधारण तासभर लागतो. आज्ञा देण्याआधी मूळ कोणता आणि नक्कल कोणती हे आकारावरून आणि नावावरून दोनदा पाहावे, कारण उलटे नाव दिले तर भरलेला पेनड्राइव्ह कोऱ्याने पुसला जातो. झालेली नक्कल वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि चालू वापरात मूळ व नक्कल एकाच संगणकाला एकाच वेळी लावू नये. दोन्हींचे ओळख-क्रमांक सारखेच असतात, आणि सुरू होताना सिस्टीम त्यांतला कोणता उचलेल हे सांगता येत नाही.